शिडाच्या पिशवीत बाळुती

...आणि वर बायको मलाच विचारते, "विबे, तुला कसला वास येतोय का रे?" अहो, मला! नाक माझं, सायकल माझी, सायकलच्या पुढच्या पेटीत अख्ख्या गावच्या पोरांची घाण कोंबलेली, वारा समोरून... आणि आमच्याकडे वारा समोरूनच असतो बरं का, जाताना समोरून, येताना समोरून, मधे उभे राहिलात तर चारी बाजूंनी समोरून... आणि ही विचारते, वास येतोय का! म्हटलं, छे छे, गुलाबाचा ताटवा फुललाय! तर म्हणते कशी, "टोमणे नंतर मार, आधी पिशव्या उतरव. लोकांना सोय हवी असते, विबे!"

सोय! तुम्हाला सांगतो, हा शब्द माझ्यासमोर काढू नका. सोय म्हणजे काय हो? एकाच्या घरातली अडचण उचलायची आणि दुसऱ्याच्या घरात नेऊन ठेवायची, हीच ना सोय? आणि तो दुसरा कोण? तर मी!

मी साधा शिडं शिवणारा माणूस. फ्रीसलंडातल्या ग्राउ गावात तळ्याच्या धक्क्याला लागून माझा कारखाना आहे, कारखाना कसला, एक लांबच लांब माळा, खाली लाकडी जमीन, त्यावर शीड पसरायचं आणि गुडघ्यांवर बसून शिवायचं. आयुष्य कसं शांत होतं! होडीवाले येणार, कॉफी घेणार, हवामानाला शिव्या देणार, शीड टाकून जाणार. बायको रेन्स्के, ती लेउवार्डन शहरात बसच्या कचेरीत. कुठली बस कुठून निघून कुठे किती वाजता पोचेल ते ठरवायचं काम. घरातही तेच. मी अंघोळीला उशिरा गेलो तरी पुढचं सगळं वेळापत्रक कोलमडतं! पण चाललं होतं हो आमचं. मग फेमके झाली.

पोरगी गोड आहे, त्यात वाद नाही. गोबरी गोबरी, डोक्यावर केस नाही, दिसते थेट माझ्या सासऱ्यांसारखी, पण हसते. मात्र एवढ्याशा जिवातून इतकं सगळं येतं कुठून? दूध आत जातं वाटीभर आणि बाहेर येतं बादलीभर! तर ते डायपर, ते वापरायचे नि फेकायचे. कचऱ्याची गाडी येते आठवड्याआड. राखाडी पेटी तुडुंब. झाकण लागेना. मी झाकणावर चढून बसलो. शेजारचे लोक खिडकीतून बघतायत... आमच्याकडे खिडक्यांना पडदे लावत नाहीत, कारण मग शेजाऱ्यांचं कसं दिसणार... आणि मी पेटीवर बसलोय, पेटी खालून उचक्या देतेय, आणि रेन्स्के दारात उभी, कडेवर फेमके, आणि तिच्या डोळ्यात ती चमक! ती चमक मी ओळखतो. मागच्या वेळी ती चमक आली तेव्हा आमच्या गावातून जाणारी बस दोन रस्ते पलीकडून जायला लागली होती.

म्हणाली, "विबे, कापडी लंगोट."

म्हटलं, घे की कापडी लंगोट! माझ्या आजीनं बाप वाढवला कापडी लंगोटात.

"तसं नाही रे. लोकांना कापडी नको असतात का? हवे असतात! पण धुणार कोण? वाळवणार कोण? म्हणून आपण काय करायचं, स्वच्छ बाळुती घरपोच द्यायची, घाणेरडी घेऊन यायची, धुवायची, परत द्यायची. कचरा नाही, कटकट नाही. सोय!"

मी विचारलं, "धुणार कोण?"

तर माझ्याकडे बघून हसली. मी मागे वळून बघितलं हो, मागे कुणी उभं आहे का! कुणी नव्हतं.

तिनं लगेच गावातल्या पोरंवाल्यांना घरी बोलावलं. का? तर त्यांना काय हवं ते विचारायला. गोल करून बसवलं, कॉफी दिली, एकेक बिस्कीट दिलं, डबा बंद केला. आता बघा, आमचे लोक स्पष्ट बोलतात. एक जण म्हणाला, "मला ते दिसायला नको." दुसरी म्हणाली, "मला वास यायला नको." तिसरा म्हणाला, "हात लावायला नको, पाठ वाकवायला नको, आणि जिना उतरायला नको, आम्ही वरच्या मजल्यावर राहतो." मला राहवेना, मी विचारलं, "बाकी पोर हवंय ना?" तर रेन्स्केनं टेबलाखालून अशी लाथ मारली! "विबे, लोकांना सोय हवी असते!"

त्यातच रुर्ड आणि निन्के होते. नवरा-बायको, शाळामास्तर दोघंही, निन्केचे दिवस भरत आलेले, आणि तिथे त्यांनी सांगितलं की जुळी आहेत. जुळी! रेन्स्के अशी खूष झाली, जसं काही दोन्ही हिच्याच बसमधून जाणार आहेत. म्हणाली, "तुम्ही आमचं पहिलं घर!"

मग सुरू झालं लंगोट बनवणं. बनवणार कोण? शिवणयंत्र कुणाचं? बरोब्बर.

मी म्हटलं, आपल्याला काय कठीण? शिडाचं कापड वारा अडवतं, पाऊस अडवतं, तिथे फेमकेची काय कथा! आत मऊ सुती कापड, बाहेर शिडाचं कापड, पहिला लंगोट तय्यार! घातला. उचलली. कर्र्र! चिप्सचं पाकीट उघडावं तसा आवाज! पोरगी हलली की कर्र, शिंकली की कर्र, शेजाऱ्याचा कुत्रा धावत आला, खायला काही मिळतंय का बघायला. पण गळतं का? एक थेंब नाही! सगळं आतच. आतच साठलं... साठलं... आणि मग मी तिला खांद्यावर घेतलं. कापडातून नाही आलं हो, कापड माझं उत्तम! मांडीजवळच्या फटीतून आलं. माझ्या मानेतून आत. त्या दिवशी मला कळलं, तलाव फुटतो म्हणजे काय होतं.

दुसरा केला नाड्यांचा. पक्की गाठ मारली, होडी बांधतो तशी. रेन्स्के सोडवतेय, पोरगी बोंबलतेय, गाठ सुटत नाही. ही ओरडली, "विबे, पोरीचा लंगोट बदलायचाय रे, तिला धक्क्याला बांधायची नाहीये!" शेवटी कात्री घ्यावी लागली.

तिसऱ्या वेळेला आतमध्ये सुती, वरून लोकरीची चड्डी, आमच्याच मेंढ्यांची लोकर, थोडं तेल मुरवलेली, बाजूला टिचबटणं. आणि तुम्हाला सांगतो... जमला! न आवाज, न गळती, न गाठ. फेमके त्यात असली ऐटीत बसली, जशी काही ग्राउची नगराध्यक्ष! मला जरा भरून आलं. खोटं कशाला बोलू? उत्तम शीड जमलं की येतं ना, तसं.

पण माझ्या माळ्याची काय दशा झाली, ते विचारा! एका कोपऱ्यात धुलाईचं भलंमोठं यंत्र, आणि वर दोऱ्याच दोऱ्या, त्यावर बाळुती, पांढरी चौकोनी, शंभर नि शंभर. खाली मी शीड शिवतोय, वरून टप, टप. एक होडीवाला आला, मान वर करून बराच वेळ बघत राहिला, म्हणाला, "विबे, हल्ली लहान होड्यांना मागणी दिसतेय."

आता यात पणाला काय लागलं होतं ते सांगतो, म्हणजे पुढचं समजेल. रेन्स्केची बाळंतपणाची रजा संपत आलेली. हे जमलं तर ती कचेरी सोडणार, नाही जमलं तर परत बस. आणि जमणं न जमणं कुणाच्या हातात? ट्रुसबाईंच्या! ट्रुसबाई कोण? बाळंतिणीच्या घरी जाऊन आई नि मूल दोघांना सांभाळणारी बाई. गावातलं प्रत्येक पोर तिच्या हाताखालून गेलेलं. ती दारातून आत आली की बाप लोक बूट काढून भिंतीला लागून उभे राहतात. ती म्हणाली अमुक मलम चांगलं, की गावात दुसरं मलम विकलं जात नाही. आणि ती म्हणाली, "लंगोट? बघते." बस्स. एवढंच. रेन्स्केला त्या "बघते"नं झोप येईना.

आणि इकडे माझं वेगळंच. डाउवे! आमच्या गावच्या होडीचा तांडेल. उन्हाळ्यात जुन्या सपाट बुडाच्या होड्यांची शर्यत असते, प्रत्येक गावाची एक होडी, आणि आमच्या होडीवर डाउवेचा आजा, मग बाप, मग हा. माणूस दाराएवढा, बोलतो खिळ्याएवढं. आला, म्हणाला, "पुढचं शीड. नवं."

म्हटलं, "कधी हवंय?"

"शर्यतीला. शर्यतीच्या सकाळी. आधी कुणाला दिसता कामा नये."

"का?"

"हं."

झालं बोलणं! आणि तुम्हाला सांगतो, मी ते शीड असं शिवलं, असं शिवलं... बाळुत्यांच्या टपटपीखाली बसून शिवलं, पण हात फिरवला तर लोण्यावर फिरवल्यासारखं. माझ्या जन्माचं शीड!

आता ऐका. शर्यतीच्याच आठवड्यात निन्के बाळंत झाली. दोन्ही मुलगे. आम्ही गेलो, मुलगा झाला की आमच्याकडे देतात ती बडीशेपेच्या निळ्या-पांढऱ्या गोळ्या लावलेली बिस्किटं खाल्ली, बाळुत्यांची पहिली पिशवी दिली. ट्रुसबाई तिथे होत्याच, त्यांनी लंगोट उलटा केला, सुलटा केला, ताणला, हुंगला, आणि म्हणाल्या, "शनिवारी सांगते." शनिवारी! शर्यतही शनिवारी!

रेन्स्केनं आदल्या दिवशी वेळापत्रक काढलं. "विबे, एकाच फेरीत सगळं होतंय बघ. आधी रुर्डकडे, स्वच्छ पिशवी दे, घाण पिशवी घे. येताना धक्क्यावर डाउवेचं शीड दे. मग घरी. दोन फेऱ्या कशाला? सोयीचं पडतं."

सोयीचं! आता पिशव्या. पिशव्या मीच शिवलेल्या. रेन्स्के म्हणाली होती, भक्कम हव्यात, पाणी नको, वास नको. मला पिशवी एकच शिवता येते, शिडाची पिशवी. निळं कापड, पांढरी दोरी. तेव्हा स्वच्छ बाळुती निळ्या पिशवीत, घाण बाळुती निळ्या पिशवीत, आणि डाउवेचं शीड... बरोबर. ही म्हणाली, चिठ्ठ्या लाव. मी म्हटलं, काय बोलतेस? जन्म गेला शिडं शिवण्यात, माझं शीड मला हातात घेऊन कळणार नाही?

नाही कळत! हे ज्ञान जगात फक्त माझ्याकडे आहे, लिहून घ्या. जुळ्यांची ओली बाळुती, जुळ्यांची सुकी बाळुती आणि होडीचं पुढचं शीड, पिशवीत घातलं की तिन्ही हाताला सारखीच लागतात! तुम्ही म्हणाल, वासावरून तरी कळायला हवं होतं. कसं कळणार? पिशवी शिवली कुणी? मी! तिच्यातून वास बाहेर येईल? अहो, माझ्या हातच्या पिशवीतून वास बाहेर येत असता तर मी आज असा बसलो असतो का?

गेलो. वारा समोरून. रुर्डच्या दारात एक पिशवी दिली, एक घेतली. डोळे बघायचे होते त्या माणसाचे! जुळ्यांचा बाप, शर्ट उलटा, पायात दोन वेगळे बूट. मला म्हणाला, "गुड नाइट." सकाळी हो! पुढे धक्क्यावर गेलो, गर्दी ही, झेंडे काय, तळलेल्या माशांचा वास काय. डाउवेनं वरून हात केला, मी पिशवी टाकली, त्यानं एका हातात झेलली. "हं." गेलो घरी.

रेन्स्केनं पिशवी घेतली, यंत्राचं दार उघडलं, पिशवीची दोरी सोडली... आणि थांबली. म्हणाली, "अगबाई! किती टापटिपीचे लोक! धुऊन, घड्या घालून परत पाठवलीत!" मग एक घडी उलगडली. मग माझ्याकडे बघितलं. "विबे, ही माझी घडी आहे." मी म्हटलं, असेल, शिकले असतील तुझं बघून, मास्तर माणसं आहेत. ती म्हणाली, "विबे. ही स्वच्छ पिशवी आहे. तू रुर्डला काय दिलंस?"

एवढ्यात फोन वाजला. निन्के! आणि रेन्स्केनं तो असा मधोमध ठेवला, म्हणजे मलाही ऐकू यावं. निन्के म्हणत होती, "अगं, राग मानू नकोस, पण हे जरा मोठं होतंय."

झालं होतं असं की ट्रुसबाईंनी मांडीवर एक पोर घेतलेलं, उघडंच, आणि म्हणाल्या, "द्या इकडे ते स्वच्छ बाळुतं." रुर्डनं पिशवीत हात घातला आणि ओढलं. येतंय... येतंय... संपतच नाही! खोलीभर झालं, कोचावरून गेलं, पाळण्यावरून गेलं, स्वयंपाकघरात पोचलं, रुर्ड आपला ओढतोय, झोपेत माणूस ओढतच राहतो. आणि ट्रुसबाई? त्या शांत! चष्म्यावरून बघितलं आणि म्हणाल्या, "वाढत्या अंगाचं घेतलेलं दिसतंय." आणि तेवढ्यात त्या मांडीवरच्या उघड्या बाळानं... माझ्या जन्माच्या शिडावर... निशाणी केली. पिवळी!

मी बोटांवर मोजायला लागलो. शीड तिथे. स्वच्छ बाळुती इथे. मग... आम्ही एकमेकांकडे बघितलं. आणि तळ्यावरून आवाज आला, धडाम्! शर्यतीची तोफ.

मी जो सायकलवर टांग टाकली! धावतोय, पॅडल मारतोय, वारा समोरून, आणि पूल... वर! होड्यांसाठी उचललेला! आमच्या गावात पूल माणसांसाठी नाही, होड्यांसाठी आहे. माणसं मधनंमधनं जातात, त्यांची दया येते म्हणून. उभा राहिलो काठाला. समोर तळं. सगळं दिसतंय. सगळ्यांच्या होड्यांवर शिडं वर चढतायत, आणि आमच्या डाउवेनं शेवटपर्यंत राखून ठेवलेलं ते गुपित, ती निळी पिशवी, होडीच्या टोकाला. त्याचा गडी दोरी सोडतोय. डाउवे सुकाणूवरून गरजतोय, "ओढ!" गड्यानं हात घातला. हात बाहेर काढला. हाताकडे बघितलं. डाउवे, "ओढ रे! काय बघतोस? ओढ!" गडी म्हणतो, "तांडेल, हे... हे ओलं नि ऊन आहे!"

आणि ध्वनिक्षेपकावर तो बोलणारा माणूस, ज्याला एरवी काही दिसत नाही, त्याला नेमकं दिसलं! "ग्राउच्या होडीवर आज काहीतरी नवीन दिसतंय, मंडळी... पांढरं आहे... पिवळंही आहे... लहान लहान तुकड्यांत आहे... माझ्या मते हे लंगोट आहेत." सगळा धक्का बघतोय! एक वाऱ्यानं उडालं ते डोलकाठीच्या दोरीला जाऊन चिकटलं, ते शेवटपर्यंत तिथेच फडफडत होतं, निशाणासारखं. आणि होडी? एकाच शिडावर डुगडुगत शेवटून पहिली. आज्यापासून कधी शेवटची आली नव्हती!

दुसऱ्या दिवशी सकाळी मी माळ्यावर बसलोय. रेन्स्केही तिथेच. कचेरीचे कपडे काढून इस्त्री करायला घेतलेत, म्हणजे बघा! दार उघडलं. ट्रुसबाई, काखेत माझं शीड. आणि त्यांच्या मागे, दार झाकून टाकत, डाउवे.

मी उभा राहिलो. भिंतीला लागून. बूट काढले.

ट्रुसबाईंनी शीड जमिनीवर टाकलं आणि सुरू झाल्या, "मी इतक्या घरांत जाते, इतक्या तऱ्हा बघते, पण असला गाढवपणा बघितला नाही! सगळ्या पिशव्या एका रंगाच्या? झोप न झालेल्या आईबापांच्या घरात? उद्या एखादी बाई घाण पिशवी पाळण्यात ठेवील नि बाळ यंत्रात टाकील!" रेन्स्केच्या डोळ्यात पाणी. मग बाई तिच्याकडे वळल्या, आवाज खाली आणला, म्हणाल्या, "रडतेस कशाला गं? पोरांची कातडी बघितली मी. एक डाग नाही, पुरळ नाही. रात्रभर गळलं नाही. दोष लंगोटात नाही. दोष नवऱ्यात आहे. नवऱ्याला मलम नाही. लंगोट मी सगळ्यांना सांगणार आहे."

रेन्स्केनं त्यांना मिठी मारली! आमच्याकडे कुणी कुणाला अशी मिठी मारत नाही हो, ट्रुसबाईंना तर नाहीच नाही. त्या ओंडक्यासारख्या उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "पुरे."

मग डाउवे पुढे आला. मी डोळे मिटले. त्यानं निळी पिशवी माझ्या पायाशी ठेवली. म्हणाला, "धुतलीत."

"काय?"

"बायकोनं. म्हणाली, तान्ह्या पोरांची आहेत, टाकायची कशी? एक दोरीला अडकलेलं, ते मी वर चढून काढलं." मग तो वाकला, शिडावर हात फिरवला, अगदी हळू, तो पिवळा डाग होता तिथे थांबला. मी म्हटलं, "डाउवे, काढून देतो डाग, नवं शिवून देतो, फुकट देतो..." त्यानं डागावर अंगठा घासून बघितला. मग म्हणाला, "माझ्या बापानं तुला पाण्यात टाकलं असतं."

म्हटलं, "आणि तुम्ही?"

माझ्याकडे वरून खाली बघितलं. "तुझा आधीच वास मारतोय. पाणी खराब होईल." आणि हसला! तो माणूस हसतो हे मला माहीतच नव्हतं. माळ्यावरची बाळुती हलली.

पुढं काय विचारता! सगळ्या फ्रीसलंडभर बोभाटा. त्या ध्वनिक्षेपकानं जी जाहिरात केली, ती आम्हाला सात जन्मांत जमली नसती. फोनवर फोन! रेन्स्केनं कचेरी सोडली. आता पिवळ्या पिशव्या घाणीच्या, पांढऱ्या स्वच्छ, निळी फक्त शिडाची, आणि शिडं शिवायला वेळ कुणाला आहे? मी दिवसभर सायकलवर. घरोघरची बाळं मला बघून हात हलवतात, आणि त्यांच्या आया खिडकीतून ओरडतात, "विबे, किती सोय झाली हो तुमच्यामुळे!" मी म्हणतो, झाली ना, झाली ना... आणि खोटं नाही सांगत, कुणाचं पोर खुदकन हसलं की थोडा वेळ वारा समोरून वाटत नाही. थोडाच वेळ.

वाटलं, चला, आता काय व्हायचं ते होऊन गेलं. तर काल संध्याकाळी जेवण झालं, मी जरा आडवा झालो, आणि रेन्स्के आली. डोळ्यात ती चमक. हातात माझी माप घ्यायची फीत. माझ्या कमरेला गुंडाळली, वाचलं, कागदावर लिहिलं, म्हणाली, "मांडी वर कर."

म्हटलं, "काय करतेस काय?"

म्हणाली, "वृद्धाश्रमाच्या बाईंशी बोलणं झालंय. त्यांच्याकडची मंडळी तशी तुझ्याच अंगाची आहेत. पहिला नमुना तुझ्यावर बघू... घाबरू नकोस, कर्र वाजणार नाही."

मी काय करणार? वर केली मांडी.